फौजींच्या मुलखातून अधिकारी घडताना

बारावीचा निकाल लागला की महाड-पोलादपूरच्या कॉलेजांत एक प्रश्न हमखास निघतो: सैन्यात अधिकारी व्हायचे असेल तर सरकार शिष्यवृत्ती देते का? विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणीतरी फौजी असतोच. वडील, मामा, निदान आजोबा तरी. त्यामुळे भरती म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागत नाही. पहाटे हायवेच्या कडेने धावायचे, लेखी द्यायची, ग्राउंड काढायचे, मेडिकल पार करायची आणि मेरिट लिस्टकडे डोळे लावून बसायचे, हे सगळे त्याने थोरल्या भावाच्या वेळी पाहिलेले असते. लेफ्टनंट कसा होतो हे सांगणारे माणूस मात्र त्याच्या वाडीत सहसा नसते.

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. अमेरिकेत १९१६ च्या कायद्याने कॉलेजांमधून राखीव अधिकारी घडवण्याची योजना सुरू झाली आणि १९६४ पासून तिला मोठ्या शिष्यवृत्तीची जोड मिळाली. तिथे सरकार विद्यापीठाची फी भरते, मुलगा पदवीबरोबरच लष्करी शिक्षण घेतो आणि पुढे ठरलेली वर्षे सेवा करतो. मोबाईलवर काही वाचून आलेल्या मुलांच्या डोक्यात बऱ्याचदा हेच चित्र असते. भारतात तशी व्यवस्था नाही. आपल्याकडे कॉलेजची फी सैन्य भरत नाही. आधी निवड होते आणि निवड झाली की शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, औषधपाणी सारे सरकार पाहते. म्हणजे शिष्यवृत्ती आहे, पण ती दाराच्या आत आहे. दारापर्यंत पोचण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. महाड-पोलादपूरची अडचण नेमकी इथे आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते.

आतला भाग आधी पाहू. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, बारावीनंतर तीन वर्षे शिक्षण असते आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. पुढे लष्कराचा कॅडेट देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत, म्हणजे आयएमएत, वर्षभर जातो आणि त्या वर्षात त्याला महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. पालकांवर राहतो तो हातखर्च, महिन्याला तीन हजारांच्या घरात, आणि प्रवेशाच्या वेळी कपडे, विमा, किरकोळ साहित्य यांसाठी साठ हजारांच्या आसपास भरावी लागणारी रक्कम. ज्या घराने आयुष्यात एकरकमी एवढे पैसे कधी हाताळले नाहीत, त्याला हा आकडा धडकी भरवतो. पण पालकांचे मासिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर हातखर्चासाठीही सरकारी मदत मागता येते. अर्ज निवड होताच जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करायचा असतो. ही तरतूद यूपीएससीच्या जाहिरातीत अगदी शेवटच्या पानांवर छापलेली असते. तिथपर्यंत वाचत जाणारे पालक मला फार भेटले नाहीत.

त्याच पानांवर आणखी एक नोंद सापडते, आणि ती आपल्याकडच्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहावी अशी आहे: कर्नल केंडल फ्रँक यांच्या स्मरणार्थ ठेवलेली वर्षाला ४,८०० रुपयांची शिष्यवृत्ती, माजी सैनिकाचा मुलगा असलेल्या मराठा कॅडेटसाठी. इतर सरकारी मदत मिळत असली तरी ही वेगळी मिळते. रक्कम आजच्या मानाने किरकोळ आहे. पण ती आमच्याच गावांतल्या मुलांसाठी ठेवलेली आहे असे वाटावे, इतकी तिची अट इथल्या घरांना लागू पडते.

इथल्या घरांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. महाड तालुक्यात एका गावाच्या नावातच फौजी आहे, फौजी आंबवडे. पहिल्या महायुद्धात या एका गावातून शंभराहून अधिक माणसे गेली असे सांगतात, आणि आजही घराघरांतून कुणी ना कुणी सैन्यात आहे. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आसपासचे सगळे सहकारी पडल्यावर ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले होते. वय होते बावीस. आज याच वयाचा पदवीधर मुलगा सीडीएसची, म्हणजे पदवीनंतर अधिकारी होण्याची, परीक्षा देऊ शकतो. यशवंत घाडग्यांना असा रस्ता नव्हता. पराक्रम त्यांचा होता, हुकूम देणारे दुसरे होते.

हे आपोआप झालेले नाही. इंग्रजांच्या फौजेत हिंदी माणूस शिपाई म्हणून शिरायचा, हवालदार व्हायचा आणि फार तर जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर होऊन पेन्शनीत निघायचा. तीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार मेजरही विलायतेहून कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खालीच असे. १९१८ पासून विलायतेतल्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या, पण त्या संस्थानिकांच्या, जमीनदारांच्या, बड्या घरच्या मुलांसाठी होत्या. देशातच अधिकारी घडवणारी अकादमी देहरादूनला उघडली ती १९३२ साली. म्हणजे दीडशे वर्षे कोकणाने आणि मावळाने शिपाई पुरवले आणि नेतृत्वाची जागा त्यांच्यासाठी नाहीच, हे पिढ्यान्‌पिढ्या मनात मुरत गेले. स्वातंत्र्य मिळून पाऊणशे वर्षे झाली. मनातली सवय अजून तशीच आहे. पोरगा भरती झाला की घरात पेढे वाटले जातात, आणि तोच मुलगा ‘मी अधिकारी होणार’ म्हणाला की ‘ते आपल्यासारख्यांचे काम नाही’ असे म्हणणारे प्रेमाचीच माणसे असतात.

महाड तालुक्याने याविरुद्ध एक आवाज फार लवकर उठवला होता, हे आज इथल्याच मुलांना माहीत नसते. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढे सरकारने महारांची भरती बंद केली तेव्हा, १८९० च्या दशकात, त्यांनी सैन्याच्या वरिष्ठांकडे विनंतीपत्र लिहिले. आमच्या माणसांनी लढाया मारल्या, हुद्दे कमावले, मग आता दार का लावता, हा त्याचा आशय होता. चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहातही निवृत्त सैनिक पुढे होते. आणि खुद्द बाबासाहेब आंबेडकरांच्या घडणीत लष्कराचा वाटा केवढा! वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिकवत. फौजेतल्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, म्हणून त्या घरात अक्षर आले. पुढे १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, तेही परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन अशा करारावर सही करून. शिष्यवृत्ती आणि तिच्या बदल्यात सेवा, या व्यवहाराचे आपल्या इतिहासातले हे सर्वांत मोठे उदाहरण. १९१७ साली ते बडोद्याला गेले आणि महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. पण शिपाई फाइली लांबून फेकत, राहायला जागा मिळेना, आणि काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावे लागले. पैसे मिळाले, पद मिळाले, तरी वागणूक आडवी आली. शिष्यवृत्त्यांबद्दल बोलताना हे विसरू नये.

आता कॉलेजच्या मुलांकडे येऊ. बारावीनंतर एनडीए हुकली की सगळे संपले, असा समज इथे घट्ट आहे. तो चुकीचा आहे. मला तर वाटते की महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात किंवा पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या मुलामुलींना एनडीएपेक्षा पुढचे रस्तेच अधिक जवळचे आहेत. कारण साधे आहे. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असतात. लष्कराच्या शाखेला कुठल्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी चालतो असे नियम सांगतो, पण आपल्याकडे आर्ट्स घेतलेल्या मुलाचे गणित दहावीलाच सुटलेले असते. उरलेल्या ६०० पैकी २०० इंग्रजीचे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि जेमतेम साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या मुलाला दोन वर्षांत हे अंतर कापायचे असते.

पदवीनंतरच्या सीडीएसमध्ये चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी गणिताचा पेपरच नाही. फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. मुलींसाठीही सीडीएसमधून हीच अकादमी उघडी आहे. इंजिनीअरिंगच्या मुलांना तर लेखीही नाही. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडहून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी टेक्निकल प्रवेशासाठी थेट अर्ज करू शकतो आणि गुणांच्या कटऑफमध्ये बसला तर सरळ मुलाखतीला बोलावला जातो. हायवेवरून रोज त्या विद्यापीठाच्या कमानीपुढून जाणाऱ्या किती घरांना हे माहीत आहे?

आणि मग एनसीसी. माझ्या मते या दोन तालुक्यांसाठी हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित रस्ता आहे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या संघटनेकडे इथे २६ जानेवारीच्या परेडपुरते पाहिले जाते, किंवा पोलीस भरतीत मिळणाऱ्या जादा गुणांपुरते. पण कॉलेजात सीनियर डिव्हिजनमध्ये राहून ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलेल्या आणि पदवीला ५० टक्के असलेल्या मुलामुलींना यूपीएससीची लेखी न देता एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाता येते. याला एनसीसी स्पेशल एन्ट्री म्हणतात. वर्षातून दोनदा जाहिरात येते, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. निवड झाली की चेन्नईला ४९ आठवडे प्रशिक्षण आणि त्या काळात तेच ५६,१०० रुपये विद्यावेतन. पुढे दहा वर्षांचे शॉर्ट सर्व्हिस कमिशन. कॉलेजात तीन वर्षे भर उन्हात परेड केलेल्या मुलाच्या हातात हे प्रमाणपत्र असते, आणि तो ते फाइलीत ठेवून मुंबईला कंपनीत नोकरी शोधायला जातो. हे पाहून फार वाईट वाटते. ज्या कॉलेजात एनसीसी नाही तिथे ती आणण्यासाठी पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि आमदारांनीही रेटा लावला पाहिजे. एका सभागृहाच्या उद्घाटनापेक्षा त्याचे मोल जास्त आहे.

सगळे रस्ते शेवटी एसएसबीला येऊन मिळतात. भोपाळ, बंगळूर, प्रयागराज, जालंधर अशा ठिकाणी पाच दिवस चालणारी ही निवड. राहणे-जेवण तिथेच, आणि त्या प्रवेशप्रकारासाठी पहिल्यांदाच जात असाल तर रेल्वेचे थर्ड एसीचे जाण्यायेण्याचे भाडेही परत मिळते. पण भाडे आधी खिशातून घालावे लागते, वीर स्टेशनवर कोकण रेल्वे धरून पनवेल-कल्याणला गाडी बदलत जावे लागते, आणि पहिल्याच दिवशी दुपारी निम्म्याहून अधिक मुलांना परत पाठवले जाते. त्या पहिल्या दिवशी एक अस्पष्ट चित्र तीस सेकंद दाखवतात. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटात बसून तिच्यावर चर्चा करायची. दहा-पंधरा मुले एकदम बोलत असतात. आमच्याकडची पोरे इथे गप्प बसतात. मोठ्यांपुढे मध्येच बोलू नये, हे ज्यांना लहानपणापासून शिकवलेले, त्यांना दुसऱ्याचे वाक्य तोडून आपले म्हणणे मांडणे उद्धटपणा वाटतो. शिवाय इंग्रजीची धास्ती. व्याकरण चुकल्याने फारसे बिघडत नाही, गप्प राहिल्याने मात्र सगळे बिघडते, हे त्यांना जाण्याआधी कुणीतरी सांगायला हवे.

जे टिकतात त्यांची पुढे मानसशास्त्रीय चाचणी होते. पंधरा-पंधरा सेकंदांनी एकेक असे साठ शब्द, प्रत्येकावर मनात येईल ते वाक्य. अर्ध्या तासात साठ प्रसंग, प्रत्येकात तुम्ही काय कराल ते लिहायचे. मैदानावर दोरी, फळी आणि ड्रम घेऊन गटाने अडथळे पार करायचे. आणि एक दीर्घ मुलाखत, जिचा पाया असतो तुम्ही स्वतः भरलेला माहितीचा फॉर्म: घर, गाव, शाळा, खेळ, जबाबदाऱ्या. हे सारे कशासाठी? संकटात हा माणूस प्रसंगावधान राखून वागतो का, इतर त्याचे ऐकतात का, तो जबाबदारी अंगावर घेतो का, हे पाहण्यासाठी.

आता २२ जुलै २०२१ आठवा. महाड शहर पाण्याखाली होते, तळिये गावावर डोंगर कोसळला होता, रस्ते बंद, फोन बंद. त्या दिवसांत कॉलेजच्या पोरांनी घराघरांत जाऊन म्हाताऱ्यांना माळ्यावर चढवले, दुकानांतला गाळ दिवसेंदिवस उपसला, कुठून कुठून आलेल्या मदतीची वाटणी केली. त्याआधी २०१६ च्या ऑगस्टमध्ये सावित्री नदीवरचा पूल रात्री वाहून गेला तेव्हाही याच वयाची मुले काठाकाठाने शोधत फिरत होती. एसएसबीच्या साठ प्रसंगांत विचारतात तसले प्रसंग ही मुले खरोखर जगून आलेली आहेत. पण मुलाखतीत ‘तुम्ही कधी जबाबदारी घेतलीत?’ असे विचारले की ती ‘शाळेत मॉनिटर होतो’ असे सांगतात. पुरातली गोष्ट सांगावी इतकी मोठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. शहरातला क्लासवाला हेच सांगण्याचे हजारो रुपये घेतो, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखी गोष्टही उसनी असते.

इथे राज्य सरकारचे काही चांगले काम आहे, ते सांगायलाच हवे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या निवडक मुलांना दोन वर्षे एनडीएसाठी तयार करते, आणि तिथून सैन्यात गेलेल्या अधिकाऱ्यांची रांग मोठी आहे. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ साली नाशिकला सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचे दार मुलींना उघडले, आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा मुली तिथून बाहेर पडल्या. त्यामुळे नाशिकच्या संस्थेचे महत्त्व आता वाढले आहे. नाशिक रोडला आणखी एक छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, एसएसबीची तयारी करून घेणारे. राहणे, जेवण, शिकवणे सगळे मोफत. सीडीएस किंवा एनडीएची लेखी उत्तीर्ण झालेल्या, एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र घेऊन शिफारस झालेल्या किंवा टेक्निकल प्रवेशाचे मुलाखतपत्र आलेल्या उमेदवारांना तिथे घेतात. प्रवेशासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखतीला जावे लागते. रायगडचे हे कार्यालय अलिबागला आहे. पोलादपूरच्या आडवळणाच्या वाडीतून निघणाऱ्या मुलाला अलिबाग म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक, एसटी बदलत, आणि कागद अपुरा पडला तर पुन्हा एक खेप.

मग उरतात माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्त्या. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून सुरू आहे. देशभरात वर्षाला ५,५०० मुलांना ती मिळते, निम्म्या मुली. मुलींना महिना तीन हजार, मुलांना अडीच हजार. पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच आहे. इंजिनीअरिंग, वैद्यकीय, बी.एड., बीबीए, बीसीए वगैरे. साध्या बी.ए.ला, बी.एस्सी.ला नाही, आणि आधीच्या परीक्षेत साठ टक्के हवेत. आपल्या दोन तालुक्यांतल्या बहुतेक फौजींच्या मुली ज्या शाखेत शिकतात ती शाखाच यात बसत नाही. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पदवीपर्यंत शैक्षणिक अनुदान मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना एक हजारावरून दोन हजार झाले. हे बी.ए.वाल्यांनाही मिळते. दोन हजारांत पोलादपूरहून महाडला रोजचा पास आणि पुस्तके निघतात. त्याचा अर्ज मात्र वेळेत व्हायला हवा.

या सगळ्या योजनांच्या मुळाशी ‘माजी सैनिक’ हा दर्जा आहे, आणि पुढच्या काळातली खरी काळजी तिथे आहे. जून २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षांनी चौघांपैकी तिघे बाहेर पडतात. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे आज आंबवड्याचा जो मुलगा अग्निवीर होऊन पंचविशीत परत येईल, त्याच्या मुलांना उद्या या शिष्यवृत्त्यांवर हक्क सांगता येणार नाही. या मुलखातल्या घरांनी शंभर वर्षे जो आधार धरून मुले शिकवली, तो एका पिढीत आक्रसणार आहे. म्हणून अधिकारी होण्याच्या रस्त्याचे महत्त्व इथे आज जितके आहे तितके पूर्वी कधी नव्हते.

आधीच सैन्यात असलेल्या जवानांसाठीही एक दार आहे. देहरादूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजात किमान दोन वर्षे सेवा झालेल्या, बारावी उत्तीर्ण, २० ते २७ वयाच्या जवानाला परीक्षा आणि एसएसबी देऊन जाता येते. तीन वर्षांत पदवी, मग आयएमएत एक वर्ष, आणि तो लेफ्टनंट होतो. या काळात घराला हातभार लावणे थांबत नाही, हा त्याचा मोठा फायदा. सुट्टीवर आलेल्या जवानाला गावात लग्न ठरवण्यापूर्वी कुणी हे विचारत नाही: अरे, एसीसीचा फॉर्म भरलास का?

किंमतही सांगितली पाहिजे. एनडीएत पालकांना बंधपत्र लिहून द्यावे लागते. मुलगा वैयक्तिक कारणाने सोडून आला तर प्रशिक्षणाचा खर्च परत मागितला जातो. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातले बंध तर आणखी मोठे असतात. प्रशिक्षणात जबर दुखापत होऊन बाहेर पडलेल्या कॅडेट्सना वर्षानुवर्षे माजी सैनिकांसारखी वैद्यकीय सोय नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतले. मुलाला पाठवताना हे माहीत असावे. लपवून पाठवण्यासारखे त्यात काही नाही.

सरकारने काय करावे, याची यादी लांबवता येईल. मला दोनच गोष्टी तातडीच्या वाटतात. राज्य सरकारच्या बार्टीसारख्या संस्था पोलीस आणि मिलिटरी भरतीपूर्व प्रशिक्षण देतात, ते चांगलेच आहे. पण त्याच्या बरोबरीने सीडीएस आणि एनसीसी स्पेशल एन्ट्रीची तयारी तालुक्याच्या ठिकाणी, कॉलेजांतच, मोफत हवी. आणि अलिबागच्या कार्यालयाने महिन्यातून एक दिवस महाडला, एक दिवस पोलादपूरला बसावे. बाकीचे बरेचसे गावातच होण्यासारखे आहे. इथे निवृत्त सुभेदार आहेत, मेजर, कर्नल झालेलेही काही सुट्टीला गावी येतात. एका रविवारी चार पोरांना समोर बसवून त्यांची मुलाखत घेतली, त्यांच्याकडून इंग्रजीत दहा मिनिटे बोलून घेतले, तर त्याला कुठलीही योजना लागत नाही.

संभाजीनगर आणि नाशिकच्या संस्थांचे अर्ज दहावीचे वर्ष चालू असतानाच भरायचे असतात. तेव्हा मुले सराव परीक्षांत बुडालेली असतात आणि शाळेच्या फळ्यावर बोर्डाच्या वेळापत्रकाशिवाय काही लागत नाही. जाहिरात दिवाळीच्या सुट्टीपूर्वी विन्हेरे, बिरवाडी, कापडे, सवाद अशा शाळांत पोचली आणि डोमिसाईलचा व उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून त्याच महिन्यात काढून ठेवला, तर जानेवारीत धावपळ करावी लागणार नाही.